नांगी विंचवाची की खेकड्याची?

१

सही करायला सगळे जमले होते. ज्यांची सही हवी होती ते अण्णा तेवढे आले नव्हते.

कारखान्याचं दार सताड उघडं होतं. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकाने. एक लांबोडकी खोली, एक भट्टी, एक ऐरण आणि भिंतीवर टांगलेल्या कानशी, एवढाच पसारा. पण इथे घडलेल्या चिमट्याने केस धरला तर तो सुटत नाही, असं डॉक्टर म्हणायचे, सोनार म्हणायचे आणि घड्याळजी तर शपथेवर सांगायचे. घडवायचं अण्णांनी आणि विकायचं त्यांच्या मेहुण्याने, अशी निम्मी-निम्मी भागीदारी होती. आता एका मोठ्या कंपनीला हे सगळं हवं होतं. जागा, नाव, चिमट्यांवर मारायचा ठसा, आणि सोबत अण्णाही. त्यांनी निळा कोट घालून यंत्रांवरच्या कामगारांना शिकवायचं आणि स्वतः कुठेही, कुणासाठीही, काहीही घडवायचं नाही, अशी अट होती.

अण्णांची मुलगी हॉस्पिटलमधून धावत आली तेव्हा दारात मामा आणि कंपनीचा मॅनेजर एकमेकांची तोंडं बघत उभे होते. जन्मली तेव्हा ही मुलगी एवढीशी होती की अण्णांनी तिचं नाव चिमटी ठेवलं. आता ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स होती, पण घरच्यांच्या तोंडी चिमटीच राहिली होती.

कामाच्या टेबलावर किल्ल्या होत्या, ठसा होता, अण्णांचा मोबाइल होता. आणि त्यांच्या शेजारी अर्धी सांडशी.

अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. अण्णांनी घडवलेली ही पहिली सांडशी, हिच्यावरून बाकी सगळ्यांची मापं निघत. कात्रीसारखे दोन दांडे आणि मध्ये एक रिव्हेट. त्यातला एक दांडा टेबलावर होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

"काल संध्याकाळी मला फोन आला होता भावोजींचा," मामा म्हणाला. "म्हणाले, नांगी टाकली. मला वाटलं, चला, तयार झाले एकदाचे. मी लगेच साहेबांना कळवून टाकलं. आता हे काय करून बसले?"

चिमटीने आपला मोबाइल काढून पाहिला. काल संध्याकाळी तिलाही अण्णांचा फोन येऊन गेला होता. ती ऑपरेशनमध्ये होती, मोबाइल लॉकरमध्ये. नंतर तिने लावला तेव्हा कुणी उचलला नव्हता, आणि अण्णा झोपले असतील म्हणून तिने विषय सोडला होता.

नांगी टाकली. हॉस्पिटलमध्ये हे शब्द तिने फार वेळा ऐकले होते. पेशंटने जेवण सोडलं, भिंतीकडे तोंड केलं, की नातेवाईक बाहेर येऊन म्हणायचे, "त्यांनी नांगीच टाकली हो." अशी माणसं मग फार दिवस काढत नसत.

२

पोलिसांनी वर्णन लिहून घेतलं. सगळी हॉस्पिटलं पाहून झाली, खाडीवरचा पूलही पाहून झाला. चिमटी कठड्यावरून वाकून अंधार पडेपर्यंत पाण्यात बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिची सगळी नोकरी शब्दकोशाच्या कचेरीत गेली. तिथे अक्षरं वाटून दिलेली असत आणि आत्याच्या वाट्याला 'न' आलं होतं. म्हणूनच ती कशालाही आधी नाही म्हणते, असं अण्णा चिडवायचे. आताही तिने आल्या आल्या तेच केलं.

"नाही," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "माझा भाऊ असलं काही करणार नाही."

"आत्या, अण्णा नांगी टाकली म्हणाले गं."

"कुणाची?"

"म्हणजे?"

"नांगी कुणाची? विंचवाची की खेकड्याची?"

चिमटीला रडू आणि राग एकदमच आले. इथे माणूस गेलाय आणि ही शब्दाचा कीस पाडतेय! पण आत्याचं तसंच होतं. घराला आग लागली असती तर तिने आधी 'आग' आणि 'आगटी' यांचं नातं सांगितलं असतं आणि मग बादली शोधली असती.

"चल, मला कारखाना दाखव," आत्या म्हणाली. "आणि कुणी काही आवरलं असेल तर त्याचे कान उपटते."

कुणी काही आवरलं नव्हतं. आत्या खोलीभर हळूहळू फिरली. भट्टीत डोकावली तर आत राखेवर मांजर वेटोळं करून गाढ झोपलेलं. खिडकीशी अण्णांची काचेची पेटी होती. वर्षभरापूर्वी खाडीवरून आणलेला एक खेकडा त्यांनी त्यात पाळला होता. त्याची एक नांगी दणकट आणि दुसरी बोटभर, नुकती फुटलेली. अण्णा दुपारचं जेवण त्याच्याशी गप्पा मारत उरकत. पेटीत पाणी होतं, वाळू होती. खेकडा मात्र नव्हता.

"पळाला असेल," चिमटी म्हणाली.

"झाकण लावून पळाला?"

चिमटीने पाहिलं. झाकण घट्ट बसलेलं होतं.

दाराजवळच्या खिळ्याला अण्णांचा चष्मा लटकत होता. आत्याने तो डोळ्यांसमोर धरला आणि लगेच दूर केला. "हा लांबचा. जवळचा कुठाय?"

दोघींनी ड्रॉवर पाहिले, अण्णांचा कामाचा कोट पाहिला. जवळचा चष्मा कुठेच नव्हता. आत्या स्टुलावर बसली, अर्ध्या सांडशीचं भोक तिने करंगळीने चाचपलं आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"चिमटे, हे तुटलेलं नाही. रिव्हेट जपून काढलंय. मला आता तीन माणसांशी बोलायचंय. पहिला तुझा मामा."

३

मामाने दोन दिवसांत दाढी केली नव्हती. खरं सांगायचं तर चिमटीच्या मनात त्याच्याबद्दल नको ते येऊन गेलं होतं. अण्णांना कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नसे, आणि बायकोच्या पाठच्या भावाला तर नाहीच. मामाने त्यांना किती दाबलं होतं? आणि शेवटचा फोन यालाच कसा?

"मी जबरदस्ती केली नाही, ताई," मामा आत्याला म्हणाला. "माझे गुडघे गेले. दारोदार चिमटे विकत फिरणं आता होत नाही माझ्याच्याने. भावोजींना विचारलं, ते हो म्हणाले."

"तो सगळ्यांनाच हो म्हणतो. फोनवर काय म्हणाला ते सांगा. शब्दन् शब्द."

"नांगी टाकली."

"टाकली? तिथेच थांबला?"

"तसंच काहीतरी. गडबडीत होते. मीही रस्त्यात होतो, ऐकू नीट येत नव्हतं."

"काहीतरी हा शब्द आमच्या कोशात होता," आत्या म्हणाली, "पण तो पुरावा म्हणून कुणी दिला नव्हता. आठवून ठेवा. मी परत विचारणार आहे."

कंपनीचा मॅनेजर कडक इस्त्रीचा माणूस होता. त्याचं दुःख वेगळंच होतं. त्याला सांडशीचा दुसरा दांडा हवा होता. "मूळ नमुना आहे तो, मॅडम. एका दांड्याचं मी काय करू? पाठ खाजवू?"

"मामांनी तुम्हाला फोन केला तेव्हा ते काय म्हणाले?"

"म्हणाले, अभिनंदन, भावोजींनी नांगी टाकली. मग म्हणाले, फोन ठेवतो, भाचीला निरोप द्यायचाय."

आत्याने मामाकडे पाहिलं.

"तोच की निरोप," मामा म्हणाला. "तयार झाले म्हणून. सकाळी सहीला येईल तेव्हा सांगू म्हटलं. सकाळी हे असं झालं."

तिसरा कानसकाका. अण्णांच्या हाताखाली आयुष्य काढलेला कारागीर. आवाज असा खरखरीत की हे नाव आपोआप चिकटलं. आताही तो काहीच काम नसताना एका कोपऱ्यात जुने चिमटे पुसत बसला होता.

"काका, अण्णा कुठे गेले असतील?" आत्याने विचारलं.

"येतील की," तो म्हणाला. "माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"दोन दिवस झाले. तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"वाटते तर. जेवण जात नाही." असं म्हणून त्याने चिमटीकडे पाहून डोळा मिचकावला, की डोळ्यात कचरा गेला होता कोण जाणे. चिमटीला भयंकर राग आला. एवढ्या वर्षांचा माणूस, आणि बापाचा पत्ता नसताना त्याला डोळे मिचकावायला सुचतात?

आत्याने मात्र त्याच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती. नखांत कोळसा भरलेला, आणि मनगटावर ठिणगी उडून आलेला ताजा लालभडक फोड.

"थंड पाणी लावा त्याला," ती एवढंच म्हणाली. आणि चिमटीचा दंड धरून तिला बाहेर घेऊन आली.

"तुझा बाप जिवंत आहे," आत्या म्हणाली.

४

चिमटी पायरीवरच बसली.

"ऐक. 'न' माझं अक्षर, त्यामुळे नांगी माझ्याच वाट्याला आली होती. लांगूल म्हणजे शेपूट, त्यावरून नांगी आली असं एक मत. विंचवाला ते लागू पडतं, त्याची नांगी मागे, शेपटीच्या टोकाला. पण खेकड्याची नांगी कुठे असते?"

"पुढे. त्या तर पकडायच्या नांग्या."

"पुढे! शब्द एक, पण एका प्राण्याच्या मागच्या टोकाला आणि दुसऱ्याच्या पुढच्या. यावरून आमच्या कचेरीत एवढी भांडणं झाली की दोघांनी एकमेकांबरोबर चहा पिणं सोडलं. आता नांगी टाकणं बघ. विंचवाने उगारलेली नांगी खाली टाकली की तो हरला. आपण सगळे याच अर्थाने बोलतो. पण खेकडा नांगी टाकतो तेव्हा काय होतं?"

"काय होतं?" चिमटीने विचारलं.

"त्याची नांगी कुणी घट्ट धरली ना, की तो ती सांध्यातून सोडून देतो. धरणाऱ्याच्या हातात नांगी राहते आणि खेकडा निघून जातो. पुढे कात टाकली की नवी फुटते. आधी बोटभर, मग मोठी. वर्षभर तुझ्या बापाने त्या पेटीत दुसरं काय पाहिलं?" आत्याने आत हाक मारली. "मामा, बाहेर या! आता आठवा. 'टाकली' म्हणाला, की आणखी काही शेपूट होतं त्याला?"

मामाने डोळे मिटले. "टाकून... टाकून निघालोय. हां. नांगी टाकून निघालोय, असं म्हणाले."

"हरलेला माणूस निघत नाही, बसतो," आत्या म्हणाली. "हा निघाला. तुम्ही कारखाना धरला होता, कंपनीने हात धरले होते. त्याने कारखाना तुमच्या हातात ठेवला आणि हात सोडवून घेतले. आणि सांडशीचं म्हणाल तर, 'स' माझं अक्षर नव्हे, पण शेजारच्याच टेबलावर होतं. सांडशी म्हणजे मूळचा संदंश. सम् म्हणजे मिळून, दंश म्हणजे चावा. मिळून चावणारी. एकट्या जबड्याला चावता येत नाही, म्हणून ती दोघांची. त्याने रिव्हेट काढलं, एक दांडा तुमच्यासाठी ठेवला आणि एक स्वतः नेला. भागीदारी संपली, मामा. भांडण न करता."

"तोंडाने सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्यांना?" मामा म्हणाला.

"तुम्ही नसतं खाल्लं. पण त्याला भीड खाते."

"आत्या, पण जिवंत कशावरून?" चिमटीने विचारलं. तिला अजून विश्वास ठेवायची भीती वाटत होती.

"जिवाचं बरंवाईट करायला निघालेला माणूस सोबत खेकडा घेत नाही, बाई. ओल्या फडक्यात गुंडाळून नेला असणार, म्हणजे गेलाय तोही जवळच. लांबचा चष्मा इथे खिळ्याला आहे. त्याच्याशिवाय त्याला समोरून हत्ती आला तरी बस वाटते. तेव्हा तो पायाखालच्या रस्त्याने गेला, नाहीतर कुणीतरी हाताला धरून नेलं. जवळचा चष्मा मात्र नेलाय. तो कशाला लागतो?"

"कामाला."

"काम म्हणजे विस्तव आला. इथल्या भट्टीत मांजर झोपलंय. मग कानसकाकांच्या नखांत कोळसा कुठल्या भट्टीतला?"

चिमटी ताडकन उठली. अंगातला सगळा भार उतरल्यासारखा वाटला, आणि त्याच जागी दुसरंच काहीतरी येऊन टोचलं. अण्णा कारखाना सोडून गेले, ठसा सोडून गेले, मोबाइल सोडून गेले. आणि तिलाही न सांगता गेले.

"म्हणजे टाकून दिलेल्यांत मीही आले," ती म्हणाली.

आत्याने तिचा हात धरला आणि ती चालू लागली.

५

कानसकाकाचं घर खाडीच्या बाजूला, दोन गल्ल्या सोडून. मागच्या अंगणातून ठोक्यांचा आवाज येत होता, दोन बारीक आणि एक जड. हा ठेका चिमटीने जन्मापासून ऐकला होता. ती पळत सुटली.

पत्र्याच्या आडोशाला, कढईएवढ्या भट्टीसमोर, अण्णा बसले होते. नाकावर जवळचा चष्मा, शेजारी घमेल्यात खेकडा. हातातल्या जुन्या दांड्याला नुकताच घडवलेला एक नवा, बारीक दांडा लावून बघत होते.

"अण्णा!"

अण्णांनी मान वर केली. लांबचं दिसत नव्हतं, म्हणून डोळे बारीक करून पाहिलं. आणि मग जे बोलले त्याने चिमटी जागच्या जागी थांबली.

"काय गं हे? दोन दिवस वाट बघतोय. यायला एवढा उशीर?"

"वाट? माझी?"

"मग कुणाची? निरोप ठेवला होता ना तुझ्यासाठी. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. ऑपरेशन असणार. म्हणून तुझ्या मामाला म्हटलं, चिमटीला सांग, नांगी टाकून निघालोय, तिला कळेल. आणि कानसाशिवाय मी जाणार कुठे, हे तर तुला ठाऊकच!"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. तो गुडघे सावरत नुकताच पोचला होता.

"ते 'निघालोय' नीट ऐकूच आलं नाही हो," मामा म्हणाला. "रस्त्यात होतो. आणि 'तिला कळेल'चं काय, मला वाटलं, कळेलच की. त्यात न कळण्यासारखं काय होतं?"

"आणि मला तरी काय कळणार होतं, अण्णा?" चिमटी ओरडली. "मी पुलावर जाऊन आले! पाण्यात बघून आले!"

अण्णांच्या हातातला दांडा खाली पडला. ते उठायला गेले आणि परत बसले. "पण लहानपणी तुझ्या हातात नव्हती का राहिली एका खेकड्याची नांगी? खडकावर? तू रडून गाव गोळा केलास. मी तुला सांगितलं होतं, अगं, तो मेला नाही, निघून गेला. मग हसलीस. मला वाटलं, ही जन्मभर विसरायची नाही."

"मला फक्त रडल्याचं आठवतंय," चिमटी म्हणाली.

मागून खरखरीत आवाज आला. कानसकाका धापा टाकत आला होता. "म्हणजे तुम्हा दोघींना ठाऊक नव्हतं? मी म्हणतोय, काय नाटक वठवतायत मामांसमोर! डोळा मारून दादसुद्धा दिली!"

आत्या हसत सुटली आणि तिच्यामागे मामाही. चिमटीला हसू येत नव्हतं. ती अण्णांसमोर खाली मातीत बसली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं रडू एकदम बाहेर आलं. अण्णा आपले काळे हात तिच्या डोक्यावरून फिरवत राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "सरळ नाही म्हणायला मला जमत नाही, सरळ जातो म्हणायलाही जमत नाही. मग असलं काहीतरी बोलतो. तुझी आईही वैतागायची."

"तुम्ही गेलात असंच धरलं होतं मी."

"आणि मला वाटलं, तू रागावलीस म्हणून येत नाहीस. बापाने कारखाना दुसऱ्याला देऊन टाकला, म्हणून. काल जेवलो नाही मी."

हे ऐकून मात्र चिमटीने डोळे पुसले. म्हणजे दोन गल्ल्यांच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला हे, दोघंही उपाशी, आणि मध्ये एक शब्द. तिला बापाचा इतका राग आला होता आणि तो समोर धडधाकट बसलेला बघून इतकं बरं वाटत होतं की दोन्ही एकदम कसं करावं हे तिला कळेना.

"अण्णा, पुढच्या वेळी काय टाकायचं ते टाका," ती म्हणाली. "पण मला सांगताना सरळ मराठीत सांगा."

"हे मराठीच होतं," आत्या दुखावून म्हणाली.

"आत्या, तू गप्प बस. अण्णा, म्हणा बघू माझ्यासमोर: मी कानसकाकांकडे राहायला चाललोय, संध्याकाळी भेटायला ये."

अण्णांनी शाळेत उभं केल्यासारखं मुकाट्याने म्हटलं. मधे एकदा अडखळले. चिमटीने ते त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, आणि मग घरात जाऊन दोघांसाठी पानं वाढायला सांगितली.